बिनड्रॉवरचं टेबल

सरकारी ऑफिसात वीस वर्षं काढली की माणसाजवळ दोन गोष्टी साचतात, फाइली आणि किस्से. फाइलीवर कोणीतरी वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही. किस्से मात्र फुकटात फिरतात, आणि फिरता फिरता थोडे जाडही होतात! मी सांगतेय ते तसे जाड झालेले नाहीत. कारण ज्यांचे हे किस्से आहेत ते आंतोनदादा दर रविवारी चर्चमध्ये माझ्या दोन बाक पुढे बसतात. मीठमसाला लावला तर मान वळवून बघतील, आणि त्यांचं ते बघणं मला झेपत नाही.

तर आमचं ऑफिस वसईतलं. कुठलं ते विचारू नका, मला अजून नोकरी करायचीय. जमिनींचे कागद आमच्याकडे येतात, एवढं पुरे. मी राहते उमेळ्याला. तिकडे केळीच्या वाड्या तुटून बिल्डिंगी उभ्या राहायला लागल्या आणि इकडे आमच्या ऑफिसातले ड्रॉवर फुगायला लागले. एका टेबलाचा सोडून!

*

आंतोनदादांच्या टेबलाला ड्रॉवरच नव्हता. जिथे असायला हवा तिथे नुसती पोकळी. नवे साहेब आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांची नजर तिथे गेली.

"ड्रॉवर कुठे गेला?"

"स्टोअरला जमा केला, सर. पावती आहे." दादांनी खरोखरच खिशातून पावती काढून दाखवली.

"जमा कशाला केला?"

"लागत नव्हता, सर."

आता आमच्याकडे येणाऱ्या लोकांना एक सवय. टेबलाच्या बाजूला उभं राहायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि बोलता बोलता पाकीट ड्रॉवरच्या फटीतून आत सरकवायचं. एका शेठनी दादांच्या टेबलाशीही तेच केलं. पाकीट पोकळीतून थेट दादांच्या चपलांवर! आमचे शिपाई म्हात्रेभाऊ, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जाईल, दारातूनच ओरडले, "ओ शेठ, तुमचा पाकीट परला खाली!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. शेठ म्हणाले, "माझं नाही." दादा म्हणाले, "माझंही नाही." मग दादांनी शांतपणे कागद घेतला, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि नोटीस बोर्डावर लावलं: 'कार्यालयात एक पाकीट सापडले आहे. ज्याचे असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावे.' महिनाभर ती नोटीस लटकत होती. ओळख पटवायला कोणी आलं नाही, आणि त्या पोकळीत पुन्हा कोणी काही सरकवलंही नाही.

*

राखेच्या बुधवारी, म्हणजे आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आम्ही दोघं चर्चमध्ये सकाळची मिस्सा करून ऑफिसला येतो. कपाळावर राखेचा क्रूस असतो. एका वर्षी चहावाल्यानं "अंकल, कुछ लगा है" म्हणत दादांचं कपाळ फडक्यानं स्वच्छ पुसूनही दिलं होतं. बिचाऱ्यानं मायेनं पुसलं, म्हणून दादा त्याला "थँक्यू" म्हणाले.

त्या दिवशी ऑफिसात बबलू बसलेला होता. बबलू म्हणजे एका बिल्डरचा एजंट. शर्ट कडक, बोलणं मऊ. त्यानं आमची कपाळं पाहिली, काहीतरी हिशेब केला आणि बाहेर गेला. दहा मिनिटांनी परत आला तो कपाळावर राख लावून! बाहेरच्या टपरीवरच्या उदबत्तीची असावी, कारण मोगऱ्याचा वास येत होता.

दादांनी चष्मा वर करून पाहिलं. "बबलूशेठ, हे काय?"

"सर, तुमचा सण म्हणजे आपला सण! फक्त एक विचारायचं होतं. सही होईपर्यंत ठेवली तर चालते ना?"

मी हसून हसून बेजार झाले. दादा हसले नाहीत. म्हणाले, "बस रे. ऊन आहे, पाणी पी आधी."

*

पाचूबंदरच्या जोसफिनमावशींचं घर नवऱ्याच्या नावावर होतं. तो वारल्यावर कागदासाठी त्या बरेच दिवस हेलपाटे घालत होत्या. दादांच्या टेबलावर फाइल आली आणि आठवड्यात काम झालं. दुसऱ्या दिवशी मावशी टोपली घेऊन हजर. केळीच्या पानात दोन पापलेटं, ताटाएवढी.

"मावशी, हे मला घेता येत नाही."

"कशाला येत नाय? माझ्या मालकाच्या घराचा कागद केलास, आनि माझ्या हातचा म्हावरा तुला नको?" मावशींचे डोळे भरून आले. टोपली टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

ऑफिसभर वास! साहेबांनी नाकाला रुमाल लावला. दादांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, टोपली स्कूटरला अडकवली आणि मासे परत करायला पाचूबंदर गाठलं. संध्याकाळी मी फोन केला, "दिले परत?"

"दिले," दादा म्हणाले. "तिनं तिथेच कापले. तव्यावर टाकले. मला पाटावर बसवलं."

"आणि तुम्ही जेवलात?"

"रजेवर होतो ना मी!"

खरी पंचाईत पुढेच होती. उपवासकाळ चालू होता आणि दादांनी त्या चाळीस दिवसांसाठी मासे सोडले होते! शनिवारी जाऊन त्यांनी पापनिवेदनात हे फादरांना सांगितलं. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला चांगलं झालं होतं म्हणून सांगितलंत का?"

"नाही, फादर. मी खाली मान घालून जेवलो."

"मग हेच प्रायश्चित्त. परत जा आणि सांगून या."

दादा गेले. आणि मावशींनी पुन्हा पाटावर बसवलं!

*

त्याच उपवासकाळात बबलूच्या बिल्डरची फाइल आली. उमेळ्याच्या बाजूची एक वाडी, आणि वाडीच्या मधोमध बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं छोटं तळं. त्याच्याच जिवावर आमच्या आजोबा-पणजोबांनी केळी आणि मोगरा पिकवला. आजूबाजूच्या विहिरींनाही त्याचंच पाणी. बिल्डरला ते बुजवायचं होतं. त्यासाठी आमच्याकडून एकच ओळ हवी होती: 'जागेवर पाणी नाही.'

पाहणीला दादा, मी आणि म्हात्रेभाऊ गेलो. बबलू आधीच तिथे उभा. बावखलावर हिरवी जाळी टाकलेली आणि वर सुकी झावळं.

"खड्डा आहे, सर. जुना. पाणीबिणी काही नाही."

दादांनी चपला काढल्या. पँट दुमडली. जाळी बाजूला केली आणि अठ्ठावन्न पूर्ण व्हायला आलेला तो माणूस सरळ आत उतरला. कमरेपर्यंत गेल्यावर थांबला आणि मला म्हणाला, "रोझी, लिही. पाणी आहे. कमरेपर्यंत. पुढे जास्त असावं."

"सर, ते पावसाचं असेल," बबलू म्हणाला.

"मार्चान कुठला पाऊस, शेठ?" म्हात्रेभाऊंनी विचारलं.

बबलू माझ्याकडे वळला आणि गोड हसला. "मॅडम, जेनी कशी आहे? कॉलेज आवडलं ना?"

माझा पेन थांबला. दादांनी पाण्यातून माझ्याकडे पाहिलं. मग मी लिहिलं, पण अक्षर माझं वाटत नव्हतं.

साहेबांनी संध्याकाळी दादांना बोलावलं. "आंतोन, दोन महिने राहिलेत तुमचे. पेन्शनचे कागद माझ्याच सहीनं जाणार आहेत. कशाला शेवटी शेवटी?"

"दोनच महिने राहिलेत, सर," दादा म्हणाले. "आता कुठे बिघडवू?"

साहेबांनी फाइल ढिगाच्या तळाशी घातली. दादा निवृत्त झाल्यावर त्यांचं काम माझ्याकडे येणार होतं. साहेबांना घाई नव्हती.

*

हा किस्सा माझा आहे, आणि तो सांगायला मला आवडत नाही.

जेनी माझी मुलगी. गेल्या वर्षी बारावीनंतर तिला ज्या कॉलेजात जायचं होतं तिथल्या यादीत तिचं नाव आलं नाही. तीन दिवस ती जेवली नव्हती. बबलू ऑफिसात आला होता, मी सहज बोलून गेले. तो म्हणाला, "एवढंच ना, मॅडम?" चार दिवसांत जेनीचं नाव यादीत आलं. त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही. कोणाचं तरी नाव त्या यादीतून गेलं असणार हे मला कळत होतं, आणि मी पेढे वाटले.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायला रांग लागली आणि मनात हे ठेवून मला उठवेना. शेजारणीला सांगितलं, "गुडघा दुखतोय." पुढच्या रविवारी पुन्हा गुडघा. सगळ्या गावाला माझा गुडघा माहीत झाला. कोणी तेल सुचवलं, कोणी डॉक्टर!

पाहणीनंतरच्या सोमवारी दादांनी चहा पिताना विचारलं, "गुडघा कसा आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता रागावतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"पूर्वी फादर प्रसाद जिभेवर द्यायचे," ते म्हणाले. "कोविडनंतर हातावर द्यायला लागले. हात पुढे केला की त्या हातानं आठवडाभर काय केलं ते दिसतं बघ मला. दुसरा हात आणू कुठून?"

"तुमचं बरं आहे, दादा. तुम्ही संत आहात."

"वेडी की काय!" दादा पहिल्यांदाच जोरात हसले. "संत असतो तर ड्रॉवर ठेवला असता ना! माझा एकदा उघडला होता, रोझी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. म्हणून तर काढून टाकला."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी आधीच्या सगळ्या वर्षांत वाटली नव्हती.

*

एप्रिलअखेर निरोप समारंभ झाला. समोसे, वेफर्स, शाल, नारळ. साहेबांनी दादांच्या प्रामाणिकपणावर पंधरा मिनिटं भाषण केलं! म्हणाले, "अशी माणसं आता उरली नाहीत." त्यांच्या आवाजात कुठेतरी समाधानही होतं.

दादांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, म्हणाले, "समोसे गरम आहेत तोवर खाऊन घ्या," आणि बसले. जाताना स्टोअरची ती जुनी पावती त्यांनी माझ्या हातात दिली.

*

मे महिन्यात एका मंगळवारी बबलू आला. नवा अहवाल टाइप करूनच आणला होता. 'पुनर्पाहणी केली असता जागेवर पाणी आढळून आले नाही.' खाली माझं नाव.

"फक्त सही, मॅडम. आणि जेनीला सेकंड इयरला काही अडचण आली तर सांगा. तिथले सर आपलेच आहेत."

"उद्या या," मी म्हटलं.

घरी आले. जेनी ओट्याशी गवार मोडत बसली होती. मी पर्सही खाली ठेवली नाही.

"जेनी, तुझं नाव त्या यादीत नव्हतं. मी बबलूला सांगून घालून घेतलं."

ती गवार मोडत राहिली. "मला माहीत आहे, मम्मी."

"कसं?"

"त्यानंच सांगितलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी, गेटवर. म्हणाला, मम्मीला कळू देऊ नको, तिला वाईट वाटेल."

म्हणजे वर्षभर तिला माहीत होतं, आणि वर्षभर माझा गुडघा दुखत होता! "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

मी तिथेच ओट्याला टेकून रडले. तिनं गवारीचे हात पुसले आणि मला पाणी दिलं.

बुधवारी सकाळी ऑफिसात पोचल्यावर मी माझा ड्रॉवर रिकामा केला. सेफ्टीपिना, रोझरी, वेलदोड्याची पुडी, बबलूनं न्यू इयरला दिलेली डायरी. ड्रॉवर खेचून बाहेर काढला आणि म्हात्रेभाऊंच्या हातात दिला.

"हा स्टोअरला जमा करा."

म्हात्रेभाऊंनी एकदा ड्रॉवरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "पावती घेव ना?"

"घ्या. आणि मोजायची टेप घेऊन बावखलावर या."

कॉलेजला सुट्टी होती. जेनीच मला स्कूटीवर घेऊन गेली. बबलूची गाडी आमच्या मागोमाग आली. मी चपला काढल्या, सलवार दुमडली आणि बावखलात उतरले. ऐन मे महिन्यातलं पाणी, वर कोमट आणि खाली गार.

"मॅडम, तुमचा गुरघा दुखतो ना?" काठावरून म्हात्रेभाऊ ओरडले.

"मॅडम, जेनीच्या सीटचा तरी विचार करा!" बबलू ओरडला.

जेनी काठावर उभी होती. एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात वही.

"मम्मी," ती म्हणाली, "तिथेच नको थांबू. मधे अजून खोल असेल."