मढच्या ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नायक शिर्के, लष्कराच्या गाड्या-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलाचा व्हेईकल मेकॅनिक. पोस्टिंग मढला, तोफखान्याच्या एका लहान तुकडीबरोबर. समोर समुद्र, शेजारी कोळीवाडा आणि माझ्या देखरेखीखाली पाच गाड्या. त्यांतल्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लान्स नायक परब, मालवणकडचा. एक वेळ त्याचे जेवण राहील, पण गाडी पुसायची राहणार नाही, असा गडी.

लष्करात गमतीने म्हणतात, हलेल त्याला सॅल्यूट ठोका, हलणार नाही त्याला रंग द्या. इन्स्पेक्शन जवळ आले की हा विनोद उरत नाही, हुकूम होतो. झाडांचे बुंधे, दगड, बादल्या, सगळ्यांवर ब्रश फिरतो. त्या वर्षी परबने गाडीखालची लोखंडी चासीसुद्धा सोडली नाही. कमांडिंग ऑफिसरसाहेबांनी बॉनेट उघडून बघितले आणि शाबासकी दिली. परब दोन दिवस छाती काढून फिरत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी परेड चालू असताना धर्मा नाखवा गेटवर आले. कोळीवाड्यातले वयस्क मच्छीमार. त्यांची लेक पहिलटकरीण, रात्रभर अडलेली.

"सुईणीनं हात टेकले, साहेब. पोरगी जाते हो हातची!"

बाकीच्या गाड्या फायरिंग रेंजवर गेल्या होत्या. सुभेदारसाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "ॲम्ब्युलन्स काढा. अंधेरीच्या इस्पितळात. मी फोन करतो."

परबने स्टार्टर दाबला. इंजिनाने नुसती घरघर केली. मी हायड्रोमीटर लावला. बॅटरी उतरलेली. मग हँडल मारून इंजिन सुरू केले, रेस दिली, तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटलेलाच. म्हणजे डायनॅमोचा चार्ज बॅटरीला पोचत नव्हता. अशी गाडी निघाली असती, पण बॅटरी पुरती बसली की स्पार्क बंद, आणि मालाडच्या अलीकडे त्या ओसाड रस्त्यावर मदत कुठून मिळणार? तोपर्यंत पोरीला स्ट्रेचरवरून आणले होते. तिचे कण्हणे आम्हाला ऐकू येत होते.

डायनॅमो फिरवणारा पट्टा बघितला. घट्ट होता. डायनॅमोचे कार्बन ब्रश ठीक. टर्मिनल साफ. इंजिन बंद करून मी म्हणालो, "पुन्हा एकदा स्टार्टर दाब." परबने चोक ओढून धरला, स्टार्टर दाबला आणि हात झटकला.

"शिर्क्या, मेल्या, चोक तापलो हा!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंजिनातला करंट चासीवाटे बॅटरीकडे परतावा म्हणून मध्ये तांब्याची जाड पट्टी असते, अर्थ स्ट्रॅप. तिची वाट अडली की करंट आडवाटेने जातो. इथे तो बिचाऱ्या चोकच्या बारीक तारेतून जात होता.

"परब, स्ट्रॅप काढून रंग दिलास?"

"दिलंय. मागे दोन हात. वरसून पट्टी लावलंय. झकास दिसता मा?"

"झकास! रंगावर पट्टी कसलीस आणि गाडीची वाट लावलीस. कानस दे!"

त्याचा चेहरा पडला. गाडीखाली मात्र तो माझ्याआधी घुसला. त्याने स्वतःच्या हाताने तो हिरवा रंग खरवडला, उघडे लोखंड चकाकेपर्यंत. मी बोल्ट आवळला. हँडल मारले. रेस दिली. लाल दिवा विझला.

"इस्पितळ येईपर्यंत इंजिन बंद पडू द्यायचं नाही," मी बजावले. बॅटरी भरायला वेळ लागणार होता.

"गाडी थांबाची नाय," परब म्हणाला.

मी मागे नाखवांजवळ बसलो. रेल्वे फाटकात, बाजारात, बैलगाड्यांच्या गर्दीत परबने इंजिन एकदाही बंद पडू दिले नाही, आणि पोरीला हिसकाही बसू दिला नाही. अंधेरीला नर्स दारातच उभी होती. दुपारी मुलगा झाला. आई सुखरूप. मी पुढे पुष्कळ गाड्या दुरुस्त केल्या, पण इतका अभिमान मला कुठल्याच कामाचा वाटला नाही.

पुढे परबची बदली पूर्वेकडच्या डोंगरांत झाली. तिथेही ॲम्ब्युलन्सच. एका वळणावर गोळीबार झाला. गोळी लागल्यावरही त्याने गाडी थांबवली नाही. ती आडोशाला नेली आणि मगच स्टिअरिंगवर मान टाकली. मागचे दोन्ही जखमी वाचले. लोक सापडले तेव्हा इंजिन चालूच होते.

मी मढलाच होतो. बातमी सांगायला कोळीवाड्यात गेलो. नाखवा जाळे दुरुस्त करत होते. ऐकून त्यांनी जाळे बाजूला ठेवले. घरातून नारळ आणला, नातवाला कडेवर घेतले आणि मला होडीत बसवले. नारळी पौर्णिमेला अजून बरेच महिने होते.

"नाखवा, आज?"

"आज."

खोल पाण्यात त्यांनी परबचे नाव घेऊन नारळ सोडला. पोराचे इवले हातही जोडले. होडी डुलत होती. मी तोल सावरून उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.