पांढऱ्या रश्श्याचं पथ्य

आण्णांच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या, तेव्हा घरात शास्त्र शिकलेली मी एकटीच होते. (वनस्पतिशास्त्र. पण ते कोण बघतंय!)

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "वाहिन्यांत चरबी साठलीय. गोळ्या घ्या, रोज चाला, तेलकट आणि मटण बंद. नाहीतर छाती उघडावी लागेल!" आई तिथंच रडायला लागली. वडिलांची छाती उघडायची म्हटल्यावर मीही घाबरले, आणि घाबरले की मला फार अक्कल सुचते.

"मटन बंद म्हंजे रस्सा बी बंद व्हय गं?" आण्णांनी विचारलं. चेहरा बघवेना.

"तांबडा बंद," मी निकाल दिला. "त्यावर तेलाचा तवंग असतो. पांढऱ्यावर कुठाय? पांढरा चालेल!"

"पोरगी शिकल्याचा उपेग हाय की!"

नारळाचं दूध, काजू, खसखस आणि मटणाचं अळणी पाणी! पूर्वी हा रस्सा फक्त रविवारी व्हायचा. आता पथ्य म्हणून आई रोज पातेलं चढवू लागली. (मटणाचे तुकडे आम्ही संपवायचो. वडिलांसाठी एवढा त्याग करायला नको?)

आण्णा गोळ्या घेत, रंकाळा तलावावर चालायलाही जात. थर्मास घेऊन! तिथं त्यांच्यासारखेच चार पेशंट भेटले.

"घ्या पावणं! लेकीनं शोधून काढलंय. तेलाचा थेंब न्हाय!"

आठवड्याभरात चौघांच्या घरी पातेली चढली.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो, तर बाकावर तेच चौघं. पाचही जणांचं कोलेस्टेरॉल वर! डॉक्टर चक्रावले.

"आण्णा, खाता काय?"

"पथ्यच की! तुकड्याला हात लावला न्हाय. निस्ता पांढरा रस्सा. दोन वाट्या सकाळी, दोन सांच्याला."

"कुणी सांगितलं?"

पाच बोटं माझ्याकडे वळली. पाचही जण कौतुकानं बघत होते!

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तवंग दिसत नाही म्हणजे चरबी नसते होय?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. रस्से सगळे बंद झाले. आण्णा सहा महिने भाजी-भाकरीवर रुसून बसले, पण आकडे उतरले. छाती उघडायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी दवाखान्यातच रडले.

तेव्हापासून घरात कुणाचं काही दुखलं, की आई आधी मलाच विचारते, "काय करायचं गं?" मी सविस्तर सांगते. ती शेवटपर्यंत नीट ऐकून घेते आणि बरोबर त्याच्या उलट करते. सगळे ठणठणीत आहेत!