एकाने वाचायचं, एकाने भरायचं

इक्बाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या बंद शटरसमोर उभा राहून त्यालाच शिव्या घालत होतो. चावी त्याच्याकडे, आणि स्वारीचा पत्ता नाही. पलीकडून रुखसानाभाभी, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "वसंतभाऊ, पहाटे गेले हो... झोपेतच."

मिरकरवाडा बंदराजवळ आम्हा दोघांचं मच्छीमार बोटींवरची रडारं तपासायचं दुकान. रडार किती जोराने लहरी फेकतंय ते मोजायला पॉवर मीटर लागतो, आणि त्याला जोडायला सेन्सर. आता गंमत अशी, की कुठलाच सेन्सर पुरतं खरं सांगत नाही. येईल त्यातलं थोडं हातचं राखतो, आणि किती राखतो तेही प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळं. प्रयोगशाळा ते तपासून करेक्शन फॅक्टरांचा तक्ता देते. तो मीटरच्या मेमरीत भरला की मीटर उणं पडलेलं धरून आकडा दाखवतो. "खोटारडा सेन्सर चालेल मेल्या," इक्बाल म्हणायचा, "पण कितीचा खोटारडा ता ठाऊक पायजे."

आमच्याकडे सेन्सर दोन. एकदा ह्या शहाण्याने एकाचा तक्ता दुसऱ्याच्या नावावर भरला, आणि पूर्णगडच्या एका बोटीच्या तांडेलाचं काठावर पास होणारं पण चांगलं रडार आम्ही नापास केलं. घोळ संध्याकाळी लक्षात आला. तांडेलाचा फोन लागेना, तसा हा मोटरसायकल काढून थेट पूर्णगडला. सगळ्या खलाशांसमोर म्हणाला, "चूक माझी. रडार बरं आहे, नवा पार्ट मागवू नका." तांडेलाने आधी यथेच्छ झापलं, मग बांगड्याचं कालवण आणि भात वाढला... ते कालवण तो वर्षभर सांगत होता. परत आला तो नियम घेऊनच. एकाने वाचायचं, एकाने भरायचं, मग अदलाबदल करून पुन्हा तपासायचं. एकट्याने कधीच नाही. मी वैतागायचो, पाढे म्हणतोय की काय म्हणायचो, पण तो हटला नाही.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी दोन्ही सेन्सर पुण्याहून तपासून आले, सोबत नवे तक्ते. वाचायला कोणी नव्हतं. खरं सांगतो, मी हाय खाल्ली होती. जागेच्या मालकाला दुसरा भाडेकरू बघा म्हणून सांगूनही टाकलं होतं. त्या दुपारी भाभी इक्बालचा चष्मा न्यायला आली. मीटरपुढे मला नुसताच बसलेला बघून तिने विचारलं, मी नियम सांगितला.

"द्या इकडे," ती म्हणाली. "सगळी नोकरी शाळेत शुद्धलेखन घालण्यात गेली माझी."

तो गेल्यापासून रिकामी असलेली त्याची खुर्ची तिने ओढून घेतली. आधी सेन्सरचा नंबर, मग एकेक आकडा, सावकाश. मी भरत गेलो. मग अदलाबदल. एका ठिकाणी तिने बोट ठेवलं, "इथे तीन आहे. तुम्ही आठ दाबलेत." दुरुस्त केलं.

"सगळेच शंभराच्या आत कसे हो?" तिने विचारलं. मी समजावलं, शंभर म्हणजे पुरतं खरं, आणि तेवढं कुठलाच सेन्सर सांगत नाही. तशी ती म्हणाली, "मग ह्यांचा किती होता?"

"कधी मोजलाच नाही, भाभी," मी म्हटलं, आणि कित्येक दिवसांनी मला हसू आलं. तीही हसली, आणि चष्मा पर्समध्ये ठेवत उठली.

"आता हे परत कधी भरायचे?"

"वर्षाने."

"मग वर्षाने येते. दुकान तेवढं उघडं ठेवा."

ती गेल्यावर मी जागेच्या मालकाला फोन लावला आणि सांगितलं, भाडेकरू बघू नका.