तीन नावं कमी

रक्तपेढीत त्यांना सगळे थांबाबाई म्हणत. संगणक विभाग म्हणजे त्या एकट्याच. बॅकअप घ्यायच्या आधी त्या खोलीखोलीत जाऊन सांगायच्या, "थांबा, आता कुणी काही टाइप करायचं नाही." डेटाबेस पूर्ण बंद करायचा, मगच त्याची प्रत काढायची, हा त्यांचा नेम. फिरत्या पंख्याची पाती कुणी पुसतं का, असं त्या विचारत.

जुना सर्व्हर आठवडाभर खरखरत होता. त्यात बावीस वर्षांच्या रक्तदात्यांची नावं. रविवारी दुपारी दोनला शिबिराची माणसं यायची होती. त्याआधी सगळं नव्या सर्व्हरवर न्यायचं होतं, एकही नाव न गळता.

सकाळी त्यांनी डेटाबेस बंद केला, प्रत काढली, वरच्या खोलीतल्या नव्या सर्व्हरवर उतरवली. मग दोन्हीकडची संख्या ताडून बघायला जुना डेटाबेस पुन्हा सुरू केला. ताडून बघितलं, तर नव्यात तीन नावं कमी!

प्रत काढताना आपलंच काही चुकलं, असं वाटून त्यांनी सगळं दोनदा तपासलं. प्रत ठीक होती. मग जुन्यातल्या शेवटच्या नोंदी बघितल्या आणि तरातरा नोंदणीच्या काकांकडे गेल्या.

"काका, आज कुणाची नावं घातलीत?"

"छे! तुम्ही थांबा म्हणालात, मी थांबलो."

"मग अकरा वीसला तीन नावं काय आपोआप उगवली?"

काकांनी कान खाजवला. "ती होय? मशीन चालू दिसलं. म्हटलं, सुटलो एकदाचे. तिघी बहिणी कधीच्या ताटकळल्या होत्या हो."

"अहो, ते नुसतं मोजायला उघडलं होतं! पण तुम्हाला सांगायला हवं होतं, ते मीच विसरले."

"म्हणजे आता पहिल्यापासून?"

तेवढा वेळ नव्हता, आणि जुनी डिस्क तोवर तग धरेल याचा भरवसाही नव्हता. "अर्ज आहेत का?"

"माझ्याकडून कागद हरवलाय कधी?"

बाईंनी आधी जुना डेटाबेस बंद केला आणि त्याची वायरच काढून घेतली. काका अर्ज वाचू लागले. "थोरली..."

"क्रम तोच हवा हं. दात्यांचे नंबर ओळीने पडतात आणि ते छापलेली कार्डं बहिणींकडे गेलीत."

काका चपापले. "मग धाकटी आधी. तिलाच घाई होती."

तिन्ही नावं चढली, संख्या जुळली. तरी बाईंना चैन पडेना. त्यांनी अर्जावरचा फोन लावला. "रक्तपेढीतून बोलतेय. कार्डावरचा नंबर जरा वाचता का?"

"का हो, लॉटरी लागली की काय?" धाकटी हसली आणि तिने नंबर वाचला. पडद्यावर तोच होता.

"लागली म्हणायची," बाई म्हणाल्या. "आता बाकीच्या दोघींनाही फोन द्या."