दोन रिंगा आणि एक अनोळखी नंबर

धाकटी बहीण कुरुंदवाडला दिली तेव्हापासून आमच्याकडं एक रीत पडली. माहेरपण आटोपून ती सासरी पोचली, की फोनच्या दोन रिंगा द्यायची आणि ठेवून द्यायची. दोन रिंगा म्हणजे सुखरूप पोचले. बिल पडत नसे. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात तिसरी रिंग वाजल्याशिवाय कुणी फोनला हात लावत नसे.

पुढं मी फोनशेजारी नंबर दाखवणारी डबी बसवली. कोडवरून गाव ओळखण्यात एवढा पटाईत झालो, की रिंग वाजली की चष्मा चढवून "मलकापूर!" असं जाहीर करायचो. बायको म्हणायची, "गाव कळलं, आता फोन उचला की."

महापुरात कुरुंदवाडला पाण्यानं वेढा घातला. "दोन्ही लेकरांना घेऊन माळ्यावर बसलोय," एवढं बहीण बोलली आणि लाइन मेली. आई, बायको आणि मी फोनपुढं ठाण मांडून बसलो. एका दुपारी फोन वाजला. दोन रिंगा, आणि बंद. तिघंही हाताच्या अंतरावर होतो. कुणी उचललाच नाही. सवय!

डबीत मोबाईलचा नंबर होता. त्यातून गाव कुठलं कळणार? माझी सगळी विद्या तिथंच संपली.

"तीच ती," आई म्हणाली. "पोचली."

"कुठं पोचली? चारी बाजूंनी पाणी हाय!" मी म्हणालो.

बायको म्हणाली, "अहो, रेंज गेली असली तर? ती हाका मारत असंल आणि आपण रिंगा मोजत बसलो."

मी तो नंबर फिरवत सुटलो. दर वेळी तीच बाई शांतपणे सांगायची, संपर्क क्षेत्राबाहेर. पाहुण्यारावळ्यांना फोन करून विचारलं, हा नंबर तुमच्यातल्या कुणाचा का? एका मामांनी पुन्हा पुन्हा आकडे सांगायला लावले आणि म्हणाले, "माझा तर न्हाय." आई पदर तोंडात धरून डबीकडं बघत बसलेली.

संध्याकाळी एकदाची रिंग गेली.

"कोन? मोठ्यांदा बोला पावणं, बोट चालू हाय!"

"कुरुंदवाडची बाई... दोन लेकरं... ह्या फोनवरनं..."

"व्हय की! आमच्याच बोटीतनं आली. कडंला उतरल्यावर फोन मागितला, कानाला लावला आनि लगीच परत दिला. म्हटलं, ताई, बोला की. तर म्हनती कशी, नगं, घरात कळलं."

"लेकरं?"

"दोन्ही संगट हायती. बारकं माज्याच खांद्यावर हुतं."

आईनं रिसीव्हर ओढून घेतला आणि त्या अनोळखी माणसाला नुसतंच "लेका, लेका" म्हणत राहिली.

आता आम्ही पहिल्याच रिंगेला फोन उचलतो. बहीण पलीकडून करवादते, "दादा, उचलू नको म्हटलं न्हवं? बिल पडतंय!"

मी ठेवत नाही. तिला करवादू देतो.