आदबीचा फोन

हेमलता वर्ध्याहून जबलपूरला आली तेव्हा तिचं हिंदी ऐकून मला हसू यायचं. 'तुम्ही'चं सरळ 'तुम' करायची. राइट टाउनच्या एका खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून लागली आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "सर, तुम रिपोर्ट देखो." झालं! सगळ्यांसमोर त्यांनी तिला झापलं. इथल्याच गोरखपूर भागात माझ्याच घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते ती, रडत आली.

आमच्या चार पिढ्या जबलपुरात गेल्या, तेव्हा शिकवायला मीच बसले. "अगं, इथं साखर पेरून बोला लागते. म्हणायचं, सर, फुरसत हो तो जरा देख लीजिएगा." पोरगी हुशार. महिन्याभरात तिच्या तोंडून सरळ वाक्य म्हणून निघेना. आणि मला त्याचा केवढा अभिमान!

मागच्या मंगळवारी दुपारी रांझीहून येऊन भरती झालेल्या एका बाईचं रक्त तिच्याकडे तपासायला आलं. पोटॅशियम इतकं वाढलेलं की हृदय कधीही बंद पडावं. हेमलताने लगेच डॉक्टरांना फोन लावला. म्हणाली, "सर, पोटॅशियम थोडा बढ़ा हुआ है, फुरसत हो तो जरा देख लीजिएगा." डॉक्टरांना फुरसत पाऊण तासाने झाली. तोवर बाई गेली होती.

आता चौकशी लागली आहे. डॉक्टर म्हणतात, मुलीने घाईचं काही सांगितलंच नाही. तिच्याकडे लेखी खुलासा मागितलाय. नोकरी राहते की जाते, ते त्यावर ठरणार. माझ्या जिवाला चैन नाही. शिकवणी माझी, आणि कागद तिच्या नावाचा.

काल संध्याकाळी तिने खुलासा वाचून दाखवला. चारच ओळी. आकडा, वेळ, फोनवर बोललेले शब्द आणि शेवटी, 'जान का खतरा है, यह मैंने नहीं कहा. दोबारा फोन भी नहीं किया.'

मी म्हटलं, "खोड ते शेवटचं! काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिली? लिही, सूचना दी गई थी. बस."

"पण खरं आहे न काकू ते?"

"खरं असलं म्हणून काय झालं? जरा सांभाळून लिहावं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, म्हणूनच मला जास्त लागलं.

"सांभाळूनच बोलली होती न मी, काकू. त्या बाईची पोरगी रोज रिसेप्शनवर येऊन बसते. मम्मी को किसी ने देखा क्यों नहीं, विचारते. तिला काय सांगू?"

तिने खाली सही केली.