एका घरात दोन आया

सारी गल्ली तिला काजवाली म्हणायची. शर्टाला काज करावं तर तिनंच. धागा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, शोधून सापडायचं नाही. तिची सासू म्हणजे मास्तरीण. घरातल्याच शिलाईच्या खोलीत कटिंगच्या टेबलामागे उभी राहून ती कैची चालवायची आणि तोंडही, आणि दोन्हींना धार सारखीच.

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मास्तरणीनं नियम सांगून टाकला: मला आई म्हणायचं, आणि एका घरात आई एकच. मग जन्मदातीला काय म्हणायचं? तेही तिनंच ठरवून दिलं. तिकडची. तिकडचीचा फोन आला होता, तिकडचीकडे जाऊन ये. नवऱ्याजवळ रडली तर तो म्हणाला, शब्दच तर आहे, म्हणून टाक. याच्या तीर्थरूपांचं काय जातंय! त्याला स्वतःच्या सासूला कधी काहीच म्हणावं लागलं नाही. नुसतं खाकरलं की ती बिचारी पाणी घेऊन यायची, वर जावई किती साधे म्हणून कौतुक. काजवालीनं मात्र एकोणीस वर्षं दातओठ खात आई म्हटलं.

मग गणवेशांची ऑर्डर आली. तीनशे शर्ट, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पोचवायचे. काम चालू असताना मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचे, हा मास्तरणीचा आणखी एक नियम. सकाळी दहाला ड्रॉवरमधला काजवालीचा फोन वाजला तो मास्तरणीनंच घेतला, "सांगते" म्हणाली आणि ठेवून दिला. काजवालीनं मान वर करून विचारलं, तर म्हणे काही नाही, तू हात चालव.

संध्याकाळी चारला शेवटचं काज झालं. मास्तरीण शर्टांचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाली, "तिकडची पडली म्हणे. कंबरेचं हाड मोडलंय. ऑपरेशन आहे."

काजवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा तास! सहा तास ही बाई समोर उभी होती. टेबलावरचा खडू मागताना काजवालीनं तिला दोनदा आई म्हटलं होतं, आणि ते तिनं खुशाल ऐकून घेतलं होतं. काजवाली चप्पल न घालता निघाली. दवाखान्यात पोचली तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. भावानं सांगितलं, आत नेईपर्यंत आई एकच विचारत होती, "ती रागावलीय का रे माझ्यावर?"

भाऊ-भावजय दोघंही दिवसभर कामावर, म्हातारीपाशी कोण थांबणार? दहा दिवसांनी काजवाली आईला घेऊन सरळ घरी आली. शिलाईच्या खोलीत कापडाचे तागे सरकवून खाट टाकली. नवरा अगं, अगं करत मागे फिरत होता. ती म्हणाली, खाटेची ती बाजू धर. त्यानं धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजवालीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "आई!"

"ओ," शिलाईच्या खोलीतून आलं.

"काय गं?" कटिंगच्या टेबलामागून आलं.

काजवाली कप घेऊन बाहेर आली आणि टेबलापाशी थांबली. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलून टाकावं असं तिला वाटत होतं. आवाज मात्र अगदी सरळ निघाला.

"तुम्हाला नाही."

मास्तरणीच्या हातातली कैची कापडात तशीच राहिली. "मग मला काय म्हणणार तू?"

"हाक मारायची वेळ आली तर बघू," काजवाली म्हणाली, आणि चहा निवायच्या आत खाटेकडे गेली.